तुम्ही बसा, मी मागून बसते

तुम्ही बसा, मी मागून बसते. हे वाक्य आमच्या घरात रोज संध्याकाळी म्हटलं जायचं, आणि इतक्या वर्षांनंतर आजही ते कुणाच्या तोंडून ऐकलं की माझं डोकं फिरतं. परवा एका मैत्रिणीकडे जेवायला गेले होते. तिची नवी सून हातात भाताचं पातेलं घेऊन हेच म्हणाली, तशी मी उठले, पातेलं काढून घेतलं आणि तिला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. सगळे हसले, सून बिचारी ओशाळली, मैत्रिणीचं तोंड जरा वाकडं झालं. होऊ दे. वयाबरोबर माणूस निवळतो म्हणतात, मी काही निवळलेले नाही आणि या एका बाबतीत निवळायची माझी इच्छाही नाही.

आम्ही चिंचवडहून ऑकलंडला आलो तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आई नर्स, बाबा कौन्सिलच्या ऑफिसात. शहराच्या हेन्डरसन भागातलं आमचं घर लाकडी, पुढे थोडं गवत, मागे गॅरेज आणि गॅरेजला लागून एक जादाची खोली. स्वयंपाकघर इतकं लहान की फोडणी दिली रे दिली की छतावरचा धुराचा अलार्म केकाटायला लागायचा. मग बाबा हातातला पेपर घेऊन त्याच्याखाली वारा घालत उभे राहायचे आणि आई म्हणायची, "घाला घाला, तेवढाच तुमचा स्वयंपाकाला हातभार." मोहरी, अलार्म, पेपरची फडफड आणि पाठोपाठ तव्यावर पोळी पडल्याचा आवाज, हे आमचं संध्याकाळचं संगीत. पालक महाग म्हणून आई सिल्व्हरबीट नावाच्या तिथल्या पाल्याची पीठ पेरून भाजी करायची, कुमराचे म्हणजे तिथल्या रताळ्यांचे काप करायची, आमटी मात्र चिंचगुळाचीच. बाबा आणि मी टेबलाशी, आई ओट्याशी. गरम पोळी तव्यावरून थेट आमच्या ताटात. आम्ही उठलो की ती काय खायची, किती खायची, हे मी कधी लक्ष देऊन पाहिलं नव्हतं. कढईच्या बुडाशी उरलेली भाजी शेवटच्या पोळीत गुंडाळून ती उभ्यानेच संपवायची, एका हाताने ओटा पुसत. बाबांनीही ते कधी पाहिलं नसावं. पाहण्यासारखं काही आहे असं तिघांपैकी कुणालाच वाटत नव्हतं.

शिन-यी आमच्याकडे राहायला आली ती युनिव्हर्सिटीच्या पहिल्या वर्षात. ती तैवानमधल्या ताइचुंगची. स्टॅटिस्टिक्सच्या वर्गात माझ्या शेजारी बसायची, हसताना तोंडावर हात ठेवायची आणि भर थंडीत मोज्यांवर जँडल्स, म्हणजे रबरी स्लिपर, घालायची. ती ज्या बाईंकडे राहत होती त्या घर विकून लांब पापाकुराला गेल्या, तेव्हा मीच आईला म्हटलं की आपली मागची खोली रिकामीच आहे. आईने तिला पाहिलं, तिच्या बॅगा पाहिल्या आणि पहिलं वाक्य काय बोलली असेल, तर "जेवलीस का?" शिन-यी खुलून हसली. तिची आईही फोनवर पहिल्यांदा हेच विचारते म्हणाली. त्या दिवसापासून आईने तिचं शिनू करून टाकलं.

दर रविवारी ताइचुंगहून फोन यायचा. अधूनमधून तिची आई फोटो मागवून घ्यायची आणि पुढच्या फोनवर त्या फोटोवर निकाल द्यायची. एकदा फोन ठेवून शिन-यी स्वयंपाकघरात आली तेव्हा आईने विचारलं, "काय म्हणते आई?" शिन-यीने ताटातल्या पोळीकडे बोट दाखवलं. "म्हणते, माझा चेहरा असा झालाय. एवढा." आई खो खो हसली. "अगं मग छानच की! आमच्याकडे गोल चेहऱ्याच्या मुलीला देखणी म्हणतात." आणि तिच्या गालावरून हात फिरवून आपलीच बोटं कानशिलावर मोडली. शिन-यीही हसली, तोंडावर हात ठेवून. आईला वाटलं, झालं, पोरीची समजूत पटली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत शिन-यी स्वयंपाकघरात शिरली. तिचा हात विलक्षण होता. लहानपणापासून मोमोसारख्या चिनी करंज्यांच्या पाऱ्या लाटलेल्या, त्यामुळे पोळी तिला एका दिवसात जमली, आणि माझ्या पोळीचा नकाशा होत असताना तिची पोळी टम्म फुगायची. अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारातून ती मेथीच्या जुड्या आणायची, त्या बारीक चिरून करंज्यांत भरायची आणि बाबा त्या लिंबाच्या लोणच्याबरोबर खायचे. आम्ही खात असताना ती समोर उभी राहून बघायची. कोण काय घेतं, काय टाकतं, कोणाला काय आवडलं, तिला सगळं पाठ. "अंकल, अजून एक? आंटी, टुडे यू सिट, मी वाढते." आणि तिला कुणी बस म्हटलं की तिचं उत्तर तयारच असायचं. आमच्या घरात राहून तिने जी थोडीफार मराठी उचलली, त्यातलं हे पहिलं पूर्ण वाक्य: "तुम्ही बसा, मी मागून बसते." उच्चारसुद्धा स्वच्छ. आई तर विरघळलीच. चार बायकांत सांगायची, परक्या देशातली पोर, पण वळण बघा.

वळण! माझं सगळं तरुणपण या एका शब्दाने नासवलं. मी बाबांच्या बरोबरीने बसून जेवायचे, आणखी वाढ म्हणायचे, ताट उचलून ठेवायचे आणि निघायचे, म्हणून मला वळण नव्हतं. "शिनूकडून शीक जरा," आई म्हणायची. "ती बघ, सगळ्यांचं झाल्याशिवाय घास घेत नाही." हे कौतुकाने म्हटलं जात होतं, हे आज लिहितानाही माझं डोकं तापतं. एक मुलगी जेवत नाही हे आमच्या डोळ्यांसमोर रोज घडत होतं आणि आम्ही त्याला संस्कार म्हणत होतो.

आई तेव्हा विद्यार्थ्यांच्या दवाखान्यात काम करायची. त्या वर्षी वसतिगृहातली एक चिनी मुलगी चक्कर येऊन जिन्यावरून पडली, आणि मग कळलं की ती कित्येक महिने नीट जेवतच नव्हती. दवाखाना खडबडून जागा झाला. चिनी बोलणाऱ्या सगळ्या विद्यार्थ्यांना एकेक करून बोलवायचं, खाण्याबद्दल चार-पाच साधे प्रश्न विचारायचे आणि ज्याच्या उत्तरांत काही खटकेल त्याला डॉक्टरांकडे पाठवायचं असं ठरलं. प्रश्न चिनीतही छापून आणले होते. आणि विचारायला कोण? तर माझी आई. का, तर तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यू आर एशियन, दे विल ओपन अप टू यू." चिंचवडची बाई आणि ताइचुंगची मुलगी यांना एका टोपलीत टाकताना त्यांना काहीच वाटलं नाही, आणि आईलाही त्यात आपला मानच वाटला. तो राग मी निदान त्या डॉक्टरीणबाईंवर काढू शकते. पुढच्या गोष्टीचा कुणावर काढू?

एका संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता आईने सांगितलं, "आज शिनूचंही नाव होतं हो यादीत. बसली होती बाहेर, अगदी शहाण्यासारखी." शिन-यी तिच्या शेजारी उभी राहून कोशिंबीर कालवत होती, तिने मान वर केली नाही. "मी म्हटलं, तुला काय विचारायचं? माझ्या डोळ्यांदेखत जेवतेस. टाकली सही आणि दिली पाठवून क्लासला." आई हसली. बाबा म्हणाले, "बरोबर आहे, घरचंच माणूस." मी आमटी ओरपत होते. शिन-यीने कोशिंबीर टेबलावर आणून ठेवली आणि आम्हाला वाढायला लागली.

मग तो शुक्रवार आला. माझं लेक्चर रद्द झालं म्हणून मी दुपारीच घरी आले. मागच्या दाराने शिरले, तर शिन-यी सिंकपाशी पाठमोरी उभी. तिच्यासमोर एक कोरडं, स्वच्छ ताट होतं. तिने पातेल्यातून डावभर आमटी घेतली, ताटात ओतली, बोटांनी कडेपर्यंत फिरवली. भाताची चार शितं चिकटवली. भाजीचा रस्सा थोडा फासला. मग उरलेली आमटी सिंकमध्ये ओतून वर पाणी सोडलं आणि ते ताट इतर खरकट्या भांड्यांवर अलगद ठेवून दिलं. आईची शिफ्ट संपायला थोडाच वेळ होता. आल्याबरोबर तिला ते दिसलं असतं, खरकटं ताट, म्हणजे पोर जेवली. इतक्या सराईतपणे तिने हे केलं की मी दारातच खिळले.

"शिन, व्हॉट आर यू डुइंग?"

ती दचकली नाही. दमल्यासारखी वळली. जवळून पाहिलं तर सैल स्वेटशर्टाच्या बाहीतून तिचं मनगट एखाद्या लहान मुलीएवढं दिसत होतं. "आंटीला सांगू नकोस," ती म्हणाली. "तिला वाईट वाटेल. शी कुक्स हीप्स फॉर मी." मी विचारलं, कधीपासून? तिने खांदे उडवले. म्हणाली, सुरुवातीला फक्त रात्रीचं सोडलं होतं, इथे ते सोपं होतं, कारण इथे उशिरा बसलेलं चालतं. माझ्या आईच्या घरात उपाशी राहणं सोपं होतं, असं ती मला सांगत होती.

मी आईला त्याच दिवशी सांगितलं. ती गाडीतून उतरली तशी तिथेच, गवतावर. ऐकताना तिचा चेहरा आधी भांबावला, मग कठीण झाला. "काहीतरीच. चवीला पाहिली असेल आमटी." मी म्हटलं, आई, तिने ताट माखलं, मी पाहिलं. "केतकी, तू पहिल्यापासून जळतेस तिच्यावर. मला कळत नाही का?" मला वाटलं मी काहीतरी फेकून मारेन. मी म्हटलं, "तू तिला प्रश्न न विचारता सही केलीस. डॉक्टरांना जाऊन सांग." तेव्हा तिने गाडीचं दार उगाच पुन्हा उघडून लावलं, आणि त्या क्षणात मला सगळं दिसलं. तिला पटलं होतं. पण विचारल्याशिवाय सही केली हे सांगायचं म्हणजे नोकरीवर गदा आणि नर्स म्हणून नावावर डाग. "बघते सोमवारी," ती म्हणाली आणि पिशव्या घेऊन आत गेली.

माझ्या मुलीच्या फोनवर आता तब्येतीबद्दलचे असले प्रश्न आपोआप येतात, हव्या त्या भाषेत. ती बसमध्ये उभ्या उभ्या अंगठ्याने उत्तरं देऊन टाकते. मी तिला विचारलं, खरी उत्तरं देतेस का गं? "डिपेंड्स, मम," ती म्हणाली. "कोणी वाचणार असेल तर." रात्रभर ते वाक्य माझ्या डोक्यात घोळत राहिलं.

सोमवार उजाडायच्या आधी रविवार आला. आम्ही तिघी अवोन्डेलच्या बाजारात गेलो. आईने मुद्दाम शिन-यीला बरोबर घेतलं, जणू काही झालंच नाही हे मला दाखवायला. तारो, कोथिंबीर, बोक चोय यांचे ढीग, तळलेल्या पिठाचा वास, कुठेतरी युकुलेलेचे सूर. मेथीच्या गाडीपाशी ओळखीच्या एक काकू भेटल्या. त्यांनी शिन-यीला नखशिखान्त न्याहाळलं. "अगं बाई, ही केवढी छान बारीक झाली! काय खाते तरी काय?" आणि माझ्याकडे वळून, "तूही विचार हिला." आई कौतुकाने हसली. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तोवर शिन-यीच्या हातातली पिशवी सुटली आणि ती मेथीच्या ढिगावर कोसळली. आवाजसुद्धा झाला नाही. मेथीवाला ओरडला, लोक धावले, कुणीतरी जॅकेट काढून तिच्या डोक्याखाली ठेवलं. अँब्युलन्सवाल्या बाईने गुडघे टेकून आईला विचारलं, शेवटचं कधी जेवली? आणि आई, जिला मी दोनच दिवसांपूर्वी सगळं सांगितलं होतं, ती सराईत नर्सच्या आवाजात म्हणाली, "लास्ट नाइट. राइस, दाल, वेजिटेबल्स."

"नो!" मी इतक्या मोठ्याने किंचाळले की माणसं मागे सरकली. "शी डझन्ट नो! आमच्यापैकी कोणालाच माहीत नाही!"

हॉस्पिटलमध्ये एक तरुण डॉक्टर आला. चांगला होता, घाईत होता. खाण्यापिण्याचा काही त्रास आहे का, असं त्याने शिन-यीला विचारलं, आणि मी बोलणार तोच ती पलंगावरून क्षीण आवाजात म्हणाली, "नाही. आमच्या क्लिनिकमध्ये चेक केलंय. नॉर्मल आलं." असं म्हणताना तिने आईकडे पाहिलंही नाही. ती आईला सांभाळून घेत होती. सलाइन लावलेली, ओठ फुटलेले, आणि सांभाळून घेत होती माझ्या आईला! डॉक्टर म्हणाला, स्वीट ऍज, म्हणजे उत्तम, मग पोटाचं इन्फेक्शन असेल, सलाइन संपली की उद्या घरी. मी आईकडे पाहिलं. आई सलाइनच्या बाटलीकडे पाहत होती. मला ओरडता आलं असतं, पण नर्स आईपुढे माझं कोण ऐकणार होतं? उद्या ती घरी आली असती, आमच्या त्या घरी, जिथे उपाशी राहणं सोपं होतं.

आम्ही कपडे आणायला घरी आलो. बाबांना सगळं सांगितलं. ते हळहळले, दोनदा अरेरे म्हणाले आणि मग, काय सांगू, म्हणाले, "आता जेवायचं काय करायचं?" आणि आई उठली! तिने कणीक काढली, तवा ठेवला. बाबा टेबलाशी बसले. "तूही बस," ती मला म्हणाली. मी बसले नाही. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि तिला विचारायला लागले, दवाखान्यात ती मुलींना विचारायची तेच, मराठीत. "आई, सगळ्यांबरोबर बसून जेवायचं टाळतेस का?" ती म्हणाली, वेडेपणा करू नकोस. "भूक लागलेली असताना खायचं पुढे ढकलतेस का? आपण किती खातो हे कुणाला कळू नये असं वाटतं का? पोटभर शेवटची कधी जेवलीस?"

"केतकी, पुरे."

"उत्तर दे. तिला विचारलं नाहीस, निदान तू तरी दे."

पोळी तव्यावर करपायला लागली. अलार्म वाजायला लागला आणि बाबा पेपर हातात घेऊन जागच्या जागीच उभे राहिले. आईने गॅस बंद केला. पिठाचे हात तिने नॅपकिनला पुसले. मग म्हणाली, "मला नाही गं माहीत." तिच्या आवाजात नर्स नव्हती, आई नव्हती, कुणीतरी दुसरीच बाई होती, आणि मला तिची दया यायला हवी होती. आली नाही. मी म्हटलं, "मग चल." बाबांसाठी फ्रिजमध्ये कालचा भात होता.

त्या तरुण डॉक्टरला आईने कॉरिडॉरमध्ये गाठलं. मी शेजारी उभी होते. "ती तपासणी माझी आहे," ती इंग्रजीत म्हणाली, एकेक शब्द सुटा सुटा. "मी तिला एकही प्रश्न विचारला नाही. नुसती सही केली. तुम्ही तिला घरी सोडू नका." पुढे त्याचं व्हायचं ते झालं. आईला त्या कामावरून काढलं, वर बोलावून झापलं, कित्येक महिने तिच्यावर देखरेख ठेवली. शिन-यी बरेच आठवडे हॉस्पिटलात होती, तिची आई ताइचुंगहून आली आणि वर्ष बुडवून तिला घेऊन गेली. ती आहे. आजही जेवणाशी तिची ओढाताण संपलेली नाही, पण आहे, आणि आम्ही बोलतो. जे व्हायचं ते टळलं ते आई बोलली म्हणून, हे मला मान्य आहे. त्या दिवशी कॉरिडॉरमधून आत जाताना तू बोललीस म्हणून ती वाचेल, असं मी आईला सांगणारही होते.

आत शिन-यी जागी होती. आईने खुर्ची ओढली, पलंगाला लावून बसली आणि डॉक्टरला काय सांगितलं ते तिला सांगितलं. मग म्हणाली, "आता मी नीट विचारते. तू खरं सांग."

शिन-यी छताकडे बघत होती. तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळलं, पण आवाज शांत होता.

"आंटी, त्या दिवशी मी सांगणारच होते. म्हणून तर आले होते. बाहेर खुर्चीवर बसून मी इंग्लिश वाक्यं तयार करत होते, कशी सांगायची. मग तुम्ही म्हणालात, तुला काय विचारायचं."

शिन-यी सांगत राहिली, कधी सुरू झालं, कसं वाढलं, आमच्या घरात काय काय केलं. आई मध्ये एका शब्दानेही बोलली नाही. तिला इतकं गप्प बसून कुणाचं ऐकताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते, आणि तिला जे सांगायचं ठरवून आले होते ते मी सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.